तिसऱ्या दिवसाचा आरसा

जयवंती राऊत गास गावच्या बाजारातून चालली की बायका आपोआप पोट आत घ्यायच्या. भीतीने नव्हे, सवयीने. नालासोपारा पश्चिमेच्या एका छोट्या प्रसूतिगृहात सिस्टर म्हणून उभं आयुष्य काढलेल्या या बाईने निम्म्या गावाला ज्या अवस्थेत पाहिलं होतं, त्या अवस्थेत त्यांच्या नवऱ्यांनीही धड पाहिलं नव्हतं. त्यात जयवंतीचं तोंड! मासळीच्या टोपलीवर वाकलेल्या बाईला ती भर रस्त्यात विचारायची, "काय गं, टाके सुकले का? की अजून उशी घेऊन बसतेस?" ती बाई हसायची, मासळीवालीही हसायची, आणि सोबतचा नवरा कोलंबी ताजी आहे का हे पाहण्यात एकदम गढून जायचा.

पण तिची खरी ख्याती तिसऱ्या दिवसाची.

पहिला दिवस थकव्यात जातो, दुसरा पाहुण्यांना हसून दाखवण्यात. तिसऱ्या दिवशी दूध भरतं, छातीचा दगड होतो, उठून बसलं की पोट सोबत उठत नाही, मागून येतं, आणि काही कारण नसताना डोळ्यांना धार लागते. नवरा बिचारा म्हणतो, "अगं, सगळं नीट झालंय, आता कसलं रडू?" की ती आणखी रडते. अशा वेळी जयवंती पडदा सारून आत यायची. आधी नवऱ्याला हाकलायची. "जा, चहा पिऊन या. एक पुरला नाही तर दुसरा घ्या." मग सासूला. मग आईलासुद्धा. पाळण्याकडे वळूनही न बघता कॉटजवळ स्टूल ओढायची आणि विचारायची, "तू कशी आहेस?"

हा तिचा नेम होता. बाळाची चौकशी करायला सगळं गाव टपलेलं असतं, म्हणून आधी आईची. नव्या मुलींना ती हेच शिकवायची, आणि कुणी पाळण्याकडे आधी धावली तर तिचा कान धरायची. कान धरणं म्हणजे खरोखर कान धरणं.

मग नाटक सुरू व्हायचं. रडून सुजलेल्या बाईकडे ती कंबरेवर हात ठेवून बघायची आणि बाहेरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "ही कुठली बाई आणून झोपवली आमच्या कॉटवर? परवा आलेली ती देखणी पोरगी कुठं गेली?" बाई चमकायची. तोवर जयवंतीने बाईचा दवाखान्यातला गाऊन बदलून तिच्याच घरचा कुडता चढवलेला असायचा, कोमट पाण्याने तोंड पुसलेलं असायचं, गुंता झालेले केस खालून वर सोडवायला घेतलेले असायचे. हात चालू, तोंडही चालू. पोट एका रात्रीत फुगलं नाही तर एका रात्रीत बसेल कसं, केस पुढे गळतील तेव्हा घाबरायचं नाही, परत येतात, दूध कमी-जास्त होणं म्हणजे आई कमी-जास्त होणं नव्हे. वेणी झाली की वाडीतून आणलेलं सोनचाफ्याचं फूल खोवायचं. शेवटी पिशवीतून हातभर दांड्याचा, पण बशीएवढाच आरसा निघायचा. तो ती बाईच्या हनुवटीसमोर धरायची. नुसता चेहरा, वेणी आणि फूल.

"ही बघ, सापडली!"

इथे हसली नाही अशी बाळंतीण त्या प्रसूतिगृहात झाली नाही. काही रडत रडत हसल्या, पण हसल्या. आरसा लहान का, असं तिची सहकारी जुलियाना पहिल्यांदा म्हणाली तेव्हा जयवंतीने सांगितलं होतं, "सगळी एकदम दाखवायची नसते गो. आधी तोंडाशी ओळख करून द्यायची. ज्या दिवशी ती आपणहून म्हणते ना, सिस्टर, आरसा जरा खाली धरा, त्या दिवशी डॉक्टरांनी सोडलं नाही तरी मी सोडली समज."

जुलियानाही गासचीच. चर्चच्या मागच्या आळीतली. सकाळची मिस्सा चुकेल पण जयवंतीचं नाटक चुकणार नाही, अशी ती पडद्याआडून ऐकत उभी राहायची. दोन-चार वर्षांत तिलाही ते पाठ झालं.

जयवंतीच्या मुलाचं, स्वरूपचं लग्न ठरलं ते जूचंद्रच्या रिद्धीशी. तिचे वडील कोकणातले, मुंबईत सरकारी नोकरी आणि जूचंद्रला फ्लॅट. रिद्धी उंच, सडसडीत, मान अशी की दागिन्यालाच शोभा यावी. तिची मैत्रीण जागृती फोनवरून साड्या विकायची, आणि त्या साड्या नेसून फोटोत उभी असायची ती रिद्धी. पैठणीत रिद्धी, कॉटनमध्ये रिद्धी, हातात कंदील घेऊन दिवाळीच्या ऑफरमध्येही रिद्धी. भालचंद्र, म्हणजे जयवंतीचा नवरा, वाडीतून केळीचा घड खांद्यावर घेऊन येताना शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "आमच्या घरात आता कॅलेंडर विकत आणायला नको." जयवंती तर वॉर्डात बायकांना फोन दाखवत फिरायची. "ही माझी सून. साडी बघू नका, सून बघा."

रिद्धीला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत बाजूला ठेवून सगळ्यांनी ठरवलं, सासूच सिस्टर आहे, तिच्याच हाताखाली होऊ दे. सिझर झालं. मुलगा झाला. जयवंतीने पेढे वाटले, नाचायचीच तेवढी राहिली.

आणि तिसरा दिवस आला. रिद्धी भिंतीकडे तोंड करून रडत होती. जुलियाना फणी घेऊन निघाली, तर जयवंतीने तिला दारातच अडवलं.

"हिला हात लावू नको. माझी सून आहे, माझी मी करीन."

"मग कर ना. तिसरा दिवस आहे, सिस्टर."

"इथे नको. आपल्याच सुनेचे लाड करत बसले तर बाकीच्या कॉटवरच्या काय म्हणतील? घरी नेऊन करीन. बारशाला, सगळ्यांसमोर, थाटात."

जुलियानाने खांदे उडवले. सिस्टरच्या घरचा मामला. फणी एप्रनच्या खिशात गेली.

घरी आल्यावर शेक, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कशाला म्हणून कमी नव्हतं. रिद्धीचे कान बांधलेले, पोट जुन्या साडीने आवळलेलं, अंगावर एकच सैल गाऊन. जयवंती ड्यूटीवरून यायची, पायावर पाणी घ्यायची आणि थेट पाळण्याशी. "काय रे लबाडा, आजीची वाट बघत होतास?" सगळ्या वॉर्डाला शिकवलेला नेम उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी राहायचा. तिच्या ते लक्षातही आलं नाही. आजी झालेली बाई आहे, सिस्टर असली म्हणून काय झालं?

बारशाच्या सकाळी रिद्धीने हिरवी साडी हातात घेऊन विचारलं. जागृतीने मुद्दाम पाठवलेली साडी. ब्लाऊजची शिवण रिद्धीच्या आईने दोन्हीकडून उसवून दिली होती.

"आई, ही नेसू का? की गाऊनवर ओढणी घेऊन बसू?"

जयवंती पाळण्याला झेंडूच्या माळा बांधत होती. मागे न बघताच म्हणाली, "नेस गं. तुला कोण बघतंय? सगळे बाळाला बघायला येतायत."

दुपारी ओटा बायकांनी भरला. चुलत्या, मावश्या, जुलियाना धरून वॉर्डातल्या दोघी-तिघी, आणि मधोमध भालचंद्रची आत्या रखमाबाई, दात नाहीत पण चावा शाबूत. जयवंतीने ताटलीत सोनचाफा ठेवला होता. वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठच्या घरच्या झाडाचा, पहाटे तोडलेला. बशीएवढा आरसा पदराखाली तयार होता. या क्षणाची तिने दिवसन् दिवस वाट पाहिली होती. आतल्या खोलीतून रिद्धी आली. पदर पोटावर दोन्ही हातांनी धरलेला, पावलं टाके सांभाळत टाकलेली, चेहरा पांढराफटक. ती दारात थांबली आणि सासूकडे बघत राहिली.

जयवंतीने कंबरेवर हात ठेवले. "अगो बाई! ही कुठली बाई आली आमच्या घरात? आमची ती देखणी सून कुठं गेली?"

आणि पुढचं वाक्य ओठावर यायच्या आत रखमाबाई कडाडल्या, "सून गेली आणि सासूची सासू आली! चारही बाजूंनी आली!"

सगळा ओटा हसला. कुणी मांडीवर थाप मारली, कुणी पदर तोंडावर घेतला. आणि जयवंतीही हसली. वर्षानुवर्षं बायकांच्या हसण्यात हसायची सवय, ती तिथेच कशी थांबणार? हसू आवरून तिने पदराखालचा आरसा बाहेर काढला, ताटलीतलं फूल उचललं आणि वर पाहिलं, तर दार रिकामं होतं.

नाव आयुष ठेवलं. घुगऱ्या वाटल्या. आई पाळण्याजवळ का नाही, असं कुणीतरी विचारलं, तर उत्तरही कुणीतरीच दिलं, "टाके दुखतायत तिचे."

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर जयवंती खोलीत गेली. रिद्धी परत गाऊनमध्ये होती. हिरवी साडी घडी घालून, पिशवीत भरून, पिशवीला गाठ मारून ठेवलेली.

"अगं वेडे, थट्टा होती ती. वॉर्डात मी सगळ्यांना म्हणते."

"माहीत आहे मला. पुढचंही माहीत आहे. 'सापडली' म्हणता तुम्ही." रिद्धीचा आवाज अगदी साधा होता, दुधाचा हिशोब सांगावा तसा. "लग्न ठरलं तेव्हाच स्वरूपने सांगितलं होतं. दवाखान्यात मी वाट बघत होते. आज दारातही थांबले होते मी, पुढच्यासाठी. तुम्ही हसायला लागलात."

जयवंती पलंगाच्या कडेवर बसली. 

"आणि आई, घरी आल्यापासून तुम्ही रोज आधी पाळण्याकडे जाता. मी रोज बघते. एकदा तरी इकडे याल, असं वाटायचं."

पाळण्यात आयुष कुरकुरला. जयवंतीची मान आपसूक तिकडे वळली. रिद्धी ते बघून हसली. ते हसू जयवंतीने एवढ्या वर्षांत एकाही कॉटवर पाहिलेलं नव्हतं.

दोन दिवसांनी रिद्धी माहेरी गेली. सव्वा महिना होईपर्यंत, असं ठरलं. सव्वा महिना झाला. मग सर्दीचं निमित्त झालं, मग लसीचं. स्वरूप ऑफिसातून थेट जूचंद्रला जायला लागला आणि रविवारी गासला येऊन तुटक तुटक सांगायला लागला. जेवत नाही. आंघोळीला ढकलावं लागतं. बाळाला पाजते आणि लगेच आईच्या हातात देते. कपाटाच्या आरशावर चादर टांगली आहे. जागृतीचा फोन आला की बंद करते. जागृतीने परवा नव्या साड्या लावल्या, फोटोत दुसरी मुलगी आहे. ते मात्र तिने बराच वेळ पाहिलं.

भालचंद्र म्हणाला, "माहेरची सवय लागली, दुसरं काय. तू जाऊन घेऊन ये."

"गप्प बसा," जयवंती म्हणाली. नवऱ्याला एवढ्या थोडक्यात तिने आयुष्यात प्रथमच आवरलं. स्वरूपच्या एकेका वाक्यासरशी तिच्यातली आजी मागे मागे सरत होती आणि सिस्टर पुढे येत होती, आणि सिस्टरला जे दिसत होतं तो रुसवा नव्हता. तिने त्याच दिवशी प्रसूतिगृहातल्या डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. स्वतःचं वाक्यही सांगितलं, रखमाबाईंचंही. आपण हसलो तेही. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे नुसतं बोलण्याने होत नाही, पण बोलण्याने वाढतं. वसईतल्या मानसोपचाराच्या डॉक्टरचं नाव त्यांनी दिलं. स्वरूप रिद्धीला घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलायला जाणं सुरू झालं. हळूहळू ती जेवायला लागली. बाळ मांडीवर थोडं जास्त वेळ राहायला लागलं. चादर मात्र आरशावरच होती.

जयवंती एकदा लाडूंचा डबा आणि चाफा घेऊन जूचंद्रला गेली. रिद्धीच्या आईने पाणी दिलं, चहा दिला, आयुषला आणून मांडीवर दिलं. बाई सभ्य, शब्दाने दुखवणार नाहीत. पण आतल्या खोलीचं दार बंद होतं.

"झोपलीय हो ती," त्या म्हणाल्या.

दाराखालच्या फटीतून पावलांची सावली हलताना जयवंतीला दिसत होती. तिने चहा संपवला. फूल टीपॉयवर ठेवलं आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात तिसऱ्या दिवसाची एक बाळंतीण होती. जयवंती पडदा सारून आत गेली, कंबरेवर हात ठेवले, तोंड उघडलं. वाक्य आलंच नाही. तिने मुकाट्याने केस विंचरले, फूल खोवलं आणि बाहेर आली. जुलियाना औषधांचा ट्रे घेऊन समोर उभी होती.

"सिस्टर, आज नाटक झालं नाही?"

जयवंतीने पिशवीतून आरसा काढून तिच्या ट्रेमध्ये ठेवला. "तू जा गो जूचंद्रला. तू कर."

"मी? तिसऱ्या दिवशी फणी खिशात घातली आणि बारशाला मी शेंगदाणे चघळत बसले होते, आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

"दवाखान्यात तुला अडवलं कुणी? मीच ना? मग माझं तोंड घेऊन जा. माझी वाक्यं घे, आवाज घे, सगळं घे. मी म्हटलं की तो टोमणा होतो. मी आता सासू आहे."

"आणि तू?"

"मी जिन्यात बसेन."

एका शनिवारी दुपारी जुलियानाच्या स्कूटरवर मागे बसून जयवंती जूचंद्रला गेली. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला चाफा. एरवी वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाची फिरकी घेणारी ही बाई, गासपासून जूचंद्रपर्यंत एकदाही बोलली नाही. बिल्डिंगखाली तिने फूल जुलियानाच्या हातात दिलं. "आल्याचं सांगू नको."

रिद्धीच्या मजल्याच्या खालच्या वळणावर, कुणाच्या तरी मनीप्लँटच्या कुंडीशेजारी ती पायरीवर बसली. वर दाराची घंटा वाजली. रिद्धीच्या आईचा आवाज, जुलियानाचा आवाज, "मावशी, तुम्ही जरा बाजारात जाऊन या, काहीतरी विसरला असालच." रिद्धीची आई चपला घालून खाली आल्या, वळणावर जयवंतीला पाहून थबकल्या. जयवंतीने हात जोडले. त्यांनी मान हलवली आणि त्या खाली उतरल्या. निघताना फ्लॅटचं दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं. मुद्दाम की घाईत, कोण जाणे.

पहिल्यांदा काहीच ऐकू येईना. मग नळ वाजला. बादली सरकली. स्टूल ओढल्याचा आवाज. जयवंतीचे हात मांडीवर आपोआप हलायला लागले. आता तोंड पुसलं असेल. आता गुंता. खालून वर गो, खालून वर.

मग आतून, जयवंतीच्याच चढ्या सुरात, "ही कुठली बाई आणून झोपवली इथं? ती देखणी पोरगी कुठं गेली?"

जयवंतीने डोळे मिटले.

 खालच्या मजल्यावर टीव्ही लागला होता. मग जुलियाना, अगदी हळू, वॉर्डात कधी म्हटलं नसेल इतकं हळू, "ही बघ. सापडली."

हसू आलं नाही. रडूच आलं. पण आधीसारखं उशीत दाबलेलं नाही, मोठ्याने, घसा मोकळा सोडून. ते बराच वेळ चाललं. त्या आवाजाने आयुष उठला आणि त्यानेही सूर लावला. जयवंती ताडकन उभी राहिली. दोन पायऱ्या चढलीसुद्धा. तेवढ्यात जुलियाना म्हणाली, "रडू दे त्याला जरासं. आधी तुझी वेणी पुरी करू." जयवंतीने कठडा घट्ट धरला. नातू रडत होता आणि ती तशीच उभी राहिली.

मग रिद्धीचा आवाज आला, नाक ओढत आलेला.

"सिस्टर... आरसा जरा खाली धरा ना."

जयवंती एकेक पायरी उतरून खाली गेली आणि स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली. पुढे जाऊन दार ढकलावं, असं तिला वाटलंच नाही असं नव्हे. पण आतली रिद्धी आत्ताच कुठे स्वतःची स्वतःला सापडली होती, आणि दारात सासू दिसली असती तर हात परत पोट झाकायला गेले असते. एवढं तिला सिस्टर म्हणून कळत होतं.

कपाटावरची चादर महिनाभराने निघाली, असं स्वरूपने सांगितलं. साड्यांच्या फोटोंत रिद्धी परत गेली नाही, तिने जागृतीचं पार्सलांचं काम धरलं. त्यांनी जूचंद्रलाच, तिच्या आईच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने घर घेतलं. गासला राहायला ती आली नाही. भांडण नाही, अबोला नाही, सणाला येतात, रविवारी येतात. आरसा जुलियानाकडेच राहिला, वॉर्डातला तिसरा दिवसही आता तिचाच. जयवंती वाडीतून फूल तेवढं आणून देते. बाजारातून जाताना आता बायकांना पोट आत घ्यावं लागत नाही. काही जणींना तर त्याची चुटपुट लागते, मुद्दाम थांबून म्हणतात, "सिस्टर, आज काही बोलला नाहीत?" ती म्हणते, "बरी आहेस ना?" आणि पुढे जाते.

रविवारी रिक्षा दारात थांबते. आयुष आता धावत ओट्यावर चढतो आणि आजीच्या पायाला मिठी मारतो. जयवंती त्याच्या डोक्यावर हात ठेवते, पण वाकत नाही. आधी मागून येणाऱ्या रिद्धीकडे बघते.

"रिद्धी, तू कशी आहेस?"

"बरी आहे, आई."

ती चपला काढते आणि आत जाते. जयवंती तशीच उभी राहते, रिद्धीकडून आणखी एखादं वाक्य येतंय का याची वाट बघत, नातू पदर ओढत असतानाही.